न उडालेली बारूद कोणाच्या विहिरीत?

खाणीतून पंपाने बाहेर फेकलेले पाणी काळे-गढूळ असले, की ते सर्वांना दिसते. नाल्याकाठचा शेतकरी ओरड करतो, वर्तमानपत्रात छायाचित्र येते, अधिकारी जागे होतात आणि गाळ बसवण्यासाठी एखादे तळे खणले जाते. तळ्यातून पुढे जाणारे पाणी नितळ दिसू लागले, की प्रश्न मिटला असे जाहीर करण्यात येते. परंतु खाणीच्या पाण्यात एक घटक असा असतो, की तो कितीही दिवस तळ्यात ठेवला तरी तळाशी बसत नाही. तो डोळ्यांना दिसत नाही आणि गाळणीला दाद देत नाही. हा घटक म्हणजे न उडालेल्या स्फोटकांतून विरघळून आलेला अमोनिया आणि नायट्रेट. चंद्रपूर-वणी पट्टा असो, सिंगरौली असो, कोरबा असो की तालचेर. जेथे खुल्या खाणीत टनावारी बारूद भरली जाते, तेथे हा प्रश्न उभा राहतोच. आणि त्याबद्दल व्यवस्थापन गप्प आहे, सरकारी यंत्रणा गप्प आहे, आणि कटू असले तरी सांगितले पाहिजे, कामगार चळवळीचा एक भागही गप्प आहे.

या मौनाचे समर्थन म्हणून जे युक्तिवाद पुढे केले जातात, ते तपासण्यापूर्वी वस्तुस्थिती काय आहे हे पाहिले पाहिजे.

उडाले ते संपले, सांडले ते उरले

आज खाणीत वापरल्या जाणाऱ्या बहुतेक स्फोटकांचा पाया अमोनियम नायट्रेट हा आहे. शेकडा ९४ भाग दाणेदार अमोनियम नायट्रेट आणि शेकडा ६ भाग डिझेल, हे झाले एएनएफओ. स्लरी आणि इमल्शन यांचाही मुख्य घटक तोच. स्फोट पूर्ण झाला, तर त्यातून नायट्रोजन वायू, वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो; पाण्यात उतरण्यासारखे जवळजवळ काहीच मागे राहत नाही. याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. पाण्यात सापडणारा नायट्रोजन हा खाणकामाचा अटळ परिणाम नव्हे. जे उडायला हवे होते आणि उडाले नाही, त्याचा तो अवशेष आहे. स्फोटानंतर कधी कधी जो नारिंगी धूर उठतो, तोही त्याच अपयशाची खूण होय.

अमोनियम नायट्रेट पाण्यात किती विरघळते? साधारण २० अंश तापमानाला एक लिटर पाण्यात जवळजवळ दोन किलो. साखरदेखील त्याच्यापुढे फारशी सरस नाही. म्हणून भोकाच्या तोंडाशी सांडलेले दाणे पहिल्या पावसाच्या सरीबरोबर नाहीसे होतात आणि जमीन स्वच्छ दिसू लागते. ते जातात कोठे, हे विचारायची पद्धत नाही.

आकडे मांडून पाहावेत. एएनएफओमध्ये वजनाच्या सुमारे ३३ टक्के नायट्रोजन असतो. २५ किलोचे एक पोते वाया गेले, म्हणजे सुमारे ८ किलो नायट्रोजन पाण्यात गेला. कोळसा खाणीच्या सांडपाण्यासाठी नायट्रेट-नायट्रोजनची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे. त्या मर्यादेत ८ किलो नायट्रोजन बसवायचा, तर ८ लाख लिटर स्वच्छ पाणी लागेल. दहा हजार लिटरचे ८० टँकर! एका स्फोटात १० टन बारूद भरली आणि त्यातली शेकडा एक न उडता राहिली, तर टँकरांची संख्या सव्वातीनशेच्या पुढे जाते. हे एका दुपारच्या एका स्फोटाचे गणित आहे. २०२४-२५ या वर्षात देशाचे कोळसा उत्पादन १०० कोटी टनांच्या पुढे गेले आणि त्यातला फार मोठा हिस्सा खुल्या खाणींचा आहे, जेथे एक टन कोळशासाठी कित्येक घनमीटर दगड आधी फोडावा लागतो.

भोकापाशी काय घडते

शेकडा एक हा आकडा अवास्तव आहे काय? कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात फोर्डिंग नदीच्या खोऱ्यात मोठ्या खुल्या कोळसा खाणी आहेत. नदीतला नायट्रोजन वाढत चालल्याचे दिसल्यावर तेथील पर्यावरण खात्याने चौकशी केली आणि १९८३ साली अहवाल प्रसिद्ध केला. नायट्रोजनचे मूळ स्फोटकांत निघाले. त्याच खाणपट्ट्याच्या पुढील अभ्यासांत असे दिसले, की कोरड्या भोकात एएनएफओ वापरले तर शेकडा पाव भागही वाया जात नाही. परंतु ओल्या भोकांत स्लरी भरली, की हा तोटा शेकडा पाचच्या घरात जातो. तेव्हाची स्लरी आणि आजचे इमल्शन यांत फरक आहे, हे खरे. इमल्शन पाण्यात सहज विरघळत नाही. पण कोरड्या आणि ओल्या भोकांतली ही वीसपंचवीस पटींची तफावत एक गोष्ट निर्विवाद सिद्ध करते: प्रदूषण किती होणार हे स्फोटकाच्या रसायनशास्त्रापेक्षा काम करण्याच्या पद्धतीवर ठरते.

वर्धा खोऱ्यात तर भोक ओले असणे हा नियमच म्हणावा लागेल. तेथे कोळशाच्या थरांवर कामठीचा वालुकाश्म पसरलेला आहे. तो पाणी धरून ठेवणारा दगड आहे. आसपासच्या गावांच्या विहिरींना त्याचाच आधार. म्हणून पावसाळा संपला तरी भोकात पाणी असते. अशा भोकात मोकळे एएनएफओ ओतणे म्हणजे गुळाचा खडा पाण्यात टाकून तो पेटण्याची वाट पाहणे होय. त्यासाठी आधी भोकातले पाणी पंपाने काढावे लागते, प्लॅस्टिकची पिशवी आत सोडून तीत बारूद भरावी लागते, किंवा मग इमल्शनच वापरावे लागते. इमल्शन भरतानाही नळी थेट तळापर्यंत नेऊन, ती भरत भरत वर ओढावी लागते. घाईघाईने वरूनच ओतले, तर ते पाण्यात मिसळते, मध्ये मध्ये चिखलाचे थर तयार होतात, स्फोट त्या थरांपाशी अडतो आणि खालची बारूद तशीच राहते. त्यानंतर शॉवेल तो ढीग उचलते, डंपर तो डम्पवर रिकामा करतो, आणि पुढली कित्येक वर्षे प्रत्येक पावसाळा त्या डम्पमधून नायट्रेट धुऊन नाल्यात सोडतो.

आणखीही वाटा आहेत. भरलेली भोके दोन-दोन, चार-चार दिवस न उडवता पडून राहतात, कारण खालचे यंत्र हलले नाही किंवा वरून हुकूम आला नाही. तेवढ्या काळात पाणी आपले काम करते. शेजारच्या भोकाच्या हादऱ्याने जोडणी तुटते आणि काही भोके उडतच नाहीत. इमल्शनच्या गाडीची टाकी आणि नळी धुतली जाते आणि ते पाणी उतारावर सोडले जाते. फाटके पोते बाजूला पडते. यांपैकी कोणत्याही गोष्टीला नवे संशोधन लागत नाही. वेळ लागतो, माणसे लागतात, आणि पाणी काढण्याचा पंप चालू स्थितीत लागतो. नेमक्या याच तीन गोष्टींवर उत्पादनाच्या घाईत कात्री चालते.

तीन सबबी

पहिली सबब अशी, की हे नायट्रेट शेतकऱ्याच्या खताचे आहे. ही सबब चतुर आहे, कारण ती अर्धी खरी आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशातील तपासलेल्या भूजल नमुन्यांपैकी सुमारे २० टक्क्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर आढळले, आणि सर्वाधिक बाधित जिल्ह्यांत यवतमाळ, वर्धा, अमरावती यांची नावे आहेत. युरिया, शेणखत, उघडी गटारे यांचा त्यात वाटा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या विहिरीत आधीच भर पडलेली आहे, तीत आणखी भर टाकण्याचा परवाना त्यातून कसा मिळतो? आणि वाद मिटवायचा मार्ग तर अगदी सोपा आहे. खाणीच्या तळाशी जेथे पाणी साठते, त्या संपमध्येच नमुना घ्यावा. संपमध्ये कोणी कापूस पेरत नाही.

दुसरी सबब, पाणी नदीत जाऊन पातळ होते. पावसाळ्यात होतही असेल. पण एप्रिल-मेमध्ये, इरई आणि झरपट यांची धार बारीक झालेली असताना, खाणीच्या पंपाचे पाणी हाच काही नाल्यांचा प्रवाह असतो. उन्हाळ्यातच पाणी तापते. आणि पाणी जितके गरम व अल्कधर्मी, तितका त्यातला अमोनिया माशांना अधिक विषारी. ढीवर आणि भोई कुटुंबांचे पोट ज्या डोहांवर आहे, त्यांना वार्षिक सरासरीचे आकडे ऐकवून काय उपयोग?

तिसरी सबब सर्वांत निंद्य आहे: कामगार निष्काळजी आहेत, ते सांडतात. बारूद भरणाऱ्या माणसाच्या हातून दाणे सांडतात, हे खरे. पण एका पाळीत किती भोके भरायची हे तो ठरवत नाही. भोक कोरडे नसताना कोणते स्फोटक मागवायचे, हेही तो ठरवत नाही. ओव्हरबर्डन काढण्याचे काम ठेकेदाराकडे, बारूद पुरवून भोकात उतरवण्याचे काम पुरवठादार कंपनीच्या गाडीकडे, आणि परवान्यावर नाव खाणीच्या अधिकाऱ्याचे! अशी तीन तुकड्यांत जबाबदारी वाटून टाकली, की शेवटी दोष सर्वांत खालच्या, बहुधा हंगामी, बहुधा प्रशिक्षण न मिळालेल्या माणसाच्या माथी मारता येतो. ही बारूद बनवणाऱ्यांनाही याच न्यायाने वागवले जाते. नागपूरजवळ बाजारगाव येथील स्फोटकांच्या कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ रोजी ९ कामगार मारले गेले. त्यांत ६ स्त्रिया होत्या. ज्या मालाच्या निर्मितीत माणसांचा जीव जातो, तो चिखलात ओतून वाया घालवण्याइतका स्वस्त कोणाला वाटतो?

पोत्याचा हिशेब आहे, पाण्याचा नाही

राज्यसंस्थेला बारुदीचा हिशेब ठेवता येत नाही, असे कोणी म्हणू नये. अमोनियम नायट्रेट घातपातासाठी वापरले जाते, हे दिसल्यावर २०११ मध्ये त्याला स्फोटक म्हणून अधिसूचित करण्यात आले आणि २०१२ मध्ये स्वतंत्र नियम झाले. साठा, वाहतूक, विक्री, वापर यांची नोंद आली. नागपुरात मुख्यालय असलेल्या स्फोटक-सुरक्षा संघटनेला कोणत्या मॅगझीनमध्ये किती माल आहे, हे विचारण्याचा अधिकार आहे. खाणीतही एका किलोमागे किती घनमीटर दगड सुटला, हा ‘पावडर फॅक्टर’ काढला जातो. मात्र या सर्व वह्यांत एकच रकाना आहे: किती बारूद दिली. दिलेली सर्व उडाली, असे गृहीत धरलेले आहे. चोरीला गेलेल्या एका पोत्यासाठी पोलिस येतात. पाण्यात गेलेल्या चार पोत्यांसाठी कारकूनही येत नाही.

पाण्याचे कायदे नाहीत असेही नाही. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा, पर्यावरण संरक्षणाचा १९८६ चा. कोळसा खाणींसाठी २००० साली खास मानके झाली आणि त्यांत नायट्रेट-नायट्रोजनची वर सांगितलेली मर्यादा आली. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, कारण सहा महिन्यांच्या आतील बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती त्याने घटते. येथे एक व्यावहारिक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण अहवाल वाचताना भलेभले फसतात. ४५ मिलिग्रॅम नायट्रेट आणि १० मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजन हे जवळजवळ एकच प्रमाण आहे. तक्त्यात आकडा कोणत्या रूपात दिला आहे हे न पाहता ‘२० म्हणजे ४५ च्या आत’ असे मान्य करणारा कार्यकर्ता दुप्पट प्रदूषणावर सही करून बसतो.

दुसरी फट याहून मोठी आहे. सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत अमोनियाच्या रूपातील नायट्रोजनची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम, म्हणजे नायट्रेटच्या पाचपट आहे. अमोनियम नायट्रेटमधला अर्धा नायट्रोजन अमोनियाच्या रूपात असतो. तो नाल्यात उतरल्यावर जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. खाणीच्या तोंडाशी जो नियमात बसला, तो दोन-चार मैल पुढे नियमाबाहेर जातो, पण तोवर तो खाणीचा राहिलेला नसतो!

मोजणार कोण? कोल इंडियाच्या खाणींच्या पाण्याची तपासणी मोठ्या प्रमाणावर सीएमपीडीआय करते, आणि सीएमपीडीआय ही कोल इंडियाचीच उपकंपनी. तेथील रसायनशास्त्रज्ञांच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे कारण नाही. परंतु प्रतिवादीच्या घरातलाच पंच नेमला, तर त्याच्या निकालावर गावाने विश्वास का ठेवावा? शिवाय निकाल विरुद्ध गेला तरी भीती कशाची उरली आहे? २०२३ च्या ‘जनविश्वास’ कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातली तुरुंगवासाची शिक्षा काढून तेथे दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला. कोणाचा विश्वास संपादन करण्यासाठी हे झाले, ते नावातच लपवून ठेवले आहे. पंधरा लाख हा खाणीच्या खर्चाच्या वहीत शोधूनही न सापडणारा आकडा आहे.

आणि हे पाणी आता केवळ फेकून देण्याचे राहिलेले नाही. खाणीचे पाणी शेतीला आणि गावांना पुरवतो, असे कोळसा कंपन्या अभिमानाने सांगतात. नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगीच्या भूमिगत खाणीचे पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटल्यांत भरले गेले. पाण्याच्या दुष्काळाच्या प्रदेशात खाणीचे पाणी उपयोगात आणणे योग्यच आहे. पण बाटलीत जाणाऱ्या पाण्याला जी यंत्रणा लाभते, ती पाटात आणि विहिरीच्या झऱ्यात जाणाऱ्या पाण्याला लाभत नाही. म्हणून नायट्रेट आणि अमोनियाचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलेच पाहिजेत. त्यात गुपित असण्यासारखे काही नाही.

चळवळीतील एक चुकीची समजूत

आता स्वतःच्या गोटाकडे वळले पाहिजे. कामगार संघटनांत असे मत अधूनमधून ऐकू येते, की २०२० पासून कोळशाच्या व्यापारी लिलावाने खाजगी मक्तेदारांना दार उघडले आहे. अशा वेळी सार्वजनिक क्षेत्रातील खाणीच्या पाण्याचा प्रश्न काढणे म्हणजे शत्रूच्या हाती कोलीत देणे. या मतामागील चिंता खरी आहे. १९७१ ते १९७३ या काळात झालेले कोळशाचे राष्ट्रीयीकरण ही कामगारांसाठी फार मोठी गोष्ट होती, आणि तिच्यावर घाला घातला जात आहे. परंतु निष्कर्ष उलटा काढला गेला आहे. ज्या गावाची जमीन खाणीने घेतली आणि पाणी नासवले, ते गाव राष्ट्रीयीकृत खाणीच्या रक्षणासाठी रस्त्यावर का उतरेल? खाणकामगाराच्या घरची बाई त्याच विहिरीवर घागर भरते. प्रश्न कामगार विरुद्ध गाव असा कधी नव्हताच. तो तसा मांडण्यात व्यवस्थापनाचा फायदा आहे.

उलट टोकाची एक समजूत शहरी पर्यावरणवाद्यांत आहे: खाणच नको, बारूदच नको. खाण बंद झाल्यावरही डम्पमधून नायट्रेट झिरपतच राहते, हे त्यांच्या ध्यानी येत नाही. नायट्रोग्लिसरीनच्या जुन्या कांडीला पाणी कमी बाधत असे, म्हणून मागे जावे असेही म्हणता येत नाही. तिच्या वाफेने डोके फुटायची वेळ येई आणि हाताळताना माणसे मरत.

संघटनेने मागायचे आहे ते मोजके आणि हातात धरता येण्यासारखे आहे. स्फोटक-पुरवठ्याचे बिल टनांवर निघते. त्या ठेक्यात वाया गेलेल्या मालाची जबाबदारी पुरवठादारावर टाकणारी अट हवी. पुरवठादार दुबळे आहेत म्हणून अट घालता येत नाही, असे कोल इंडियाने सांगू नये. याच पुरवठादारांपैकी दहा कंपन्यांना, लिलावावर संगनमताने बहिष्कार टाकल्याबद्दल, स्पर्धा आयोगाने २०१२ मध्ये दोषी ठरवले होते. त्यांना एकत्र येता येते, तर खरेदीदारालाही खंबीर होता येईल. ओल्या भोकात मोकळे एएनएफओ भरण्यास लेखी मनाई हवी, आणि तसा हुकूम मिळाल्यास नकार देणाऱ्या शॉटफायररला संरक्षण हवे. भरलेले भोक किती तास पडून राहिले, याची नोंद पाळीच्या वहीत हवी. गाडी धुण्यासाठी पक्का, बंदिस्त ओटा हवा. बारूद भरणारे ठेक्याचे असोत की कायम, प्रशिक्षण आणि वेतन एकच हवे; दिवसाच्या भोकांवर मजुरी ठरली, की सांडणे ठरलेच.

पाणी नंतर शुद्ध करण्याचे उपायही आहेत: जिवाणूंच्या मदतीने नायट्रेटचा पुन्हा वायू करणे, पाणवनस्पतींची कृत्रिम दलदल उभारणे. ते जेथे गरज असेल तेथे झालेच पाहिजेत. पण फोर्डिंग नदी ज्या खाणपट्ट्यातून वाहते, तेथे पाण्यातून सेलेनियम आणि नायट्रेट काढण्यासाठी पुढे प्रचंड खर्चाची यंत्रणा उभारावी लागली, हे विसरता कामा नये. भोकापाशी वाचवलेला किलो फुकट पडतो. नदीतून परत काढायचा किलो पिढ्यान्‌पिढ्या पैसे मागतो, आणि खाण बंद झाल्यावर ते पैसे द्यायला कोणी जागेवर नसतो.

या सर्व मागण्यांना आकडा लागेल, आणि आकड्याला मुहूर्त आहे. मृगाच्या पावसात डम्प आणि बाकांवर सांडलेले सगळे एकदम धुऊन निघते. तुलना करायची, तर संपचा, डम्पच्या पायथ्याच्या झऱ्याचा आणि नाल्यावर खाणीच्या वरच्या बाजूचा, असे तीन नमुने मे महिन्यातच घेऊन ठेवले पाहिजेत, आणि त्याच तीन जागांचे नमुने पहिल्या मोठ्या पावसानंतर चोवीस तासांच्या आत पुन्हा घेतले पाहिजेत. नमुना घेताना युनियनचा एक प्रतिनिधी आणि गावचा एक माणूस हजर असावा, बाटल्यांवर दोघांच्या सह्या असाव्यात, आणि एक बाटली कोल इंडियाशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेत जावी.